पत्राचा पत्ता आणि किल्लीचा धनी

कागदी दस्तऐवज कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येते : अमुक गावी, अमुक घरी, अमुक कपाटात. झडतीचा कायदा या ‘कुठे’वरच उभा राहिला. न्यायालयाचा हुकूम त्याच्या हद्दीत चालतो, हद्दीबाहेर नाही. ई-मेल मात्र एका देशात लिहिली जाते, दुसऱ्या देशात साठते आणि तिसऱ्या देशातून उघडता येते. मग तिची हद्द कोणती? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा मला सर्वांत बोलका वाटला तो मायक्रोसॉफ्टचा खटला.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अमली पदार्थांच्या तपासासाठी एका ई-मेल खात्याबाबत वॉरंट काढले. अमेरिकेत साठवलेली माहिती कंपनीने दिली. पत्रांचा मजकूर मात्र डब्लिनच्या सर्व्हरवर होता. कंपनी म्हणाली, अमेरिकी वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही. सरकार म्हणाले, डब्लिनला जायचे कोणाला? इथला कर्मचारी इथेच बसून तो मजकूर काढू शकतो. वादातला कायदा होता १९८६चा, वर्ल्ड वाइड वेबच्याही आधीचा. जुलै २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असतानाच मार्च २०१८ मध्ये ‘क्लाउड ॲक्ट’ आला आणि एप्रिलमध्ये, वादच उरला नाही म्हणून, खटला निकाली निघाला.

या कायद्याने ‘कुठे’ऐवजी ‘कोणाच्या ताब्यात’ असे विचारले. अमेरिकी कायद्याच्या कक्षेतील कंपनीच्या ताब्यात मजकूर असेल, तर तो जगात कुठेही साठवलेला असो, वैध हुकूम आल्यावर द्यावा लागतो.

आपण यात कुठे बसतो? भारतीय पोलिसांना अशा कंपनीकडून पत्रांचा मजकूर हवा असेल, तर एरवी परस्पर कायदेशीर साहाय्याच्या करारानुसार गृह मंत्रालयामार्फत विनंती करावी लागते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी क्लाउड ॲक्टखाली करार करून हा वळसा टाळला. भारताचा असा करार नाही. परदेशी खातेदारासाठी हुकमाला हरकत घेण्याची खास तरतूद कंपनीला या कायद्यात आहे, पण तीही करार केलेल्या देशांच्या कायद्याशी विरोध येत असेल तरच.

म्हणजे पुण्यातल्या माणसाच्या पत्रापर्यंत आपला तपासही लांबच्या वाटेने पोहोचतो आणि त्या पत्राचे संरक्षणही तोकडे पडते. सर्व्हर भारतात आणला की प्रश्न सुटेल, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. मला ते पटत नाही. पेटी आपल्या घरात असली, तरी तिची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्याच दारावर कायदा थाप मारतो.