रीफ टँकसाठी दगड: निवड आणि तयारी

रीफ टँकमधला दगड निव्वळ शोभेचा नसतो. पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्याच्याच छिद्रांत वाढतात. म्हणून तो सच्छिद्र, आकाराच्या मानाने हलका आणि कॅल्शियम कार्बोनेटचा असावा. असा दगड व्हिनेगरचे थेंब पडताच फसफसतो. गंजाचे पट्टे असलेला दगड टाळावा.

समुद्रातून प्रवाळ उचलू नये. भारतात त्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. कोरडा दगड हा चांगला पर्याय.

तो ब्रशने घासून गोड्या पाण्यात धुवावा. मग 25 अंश सेल्सिअसच्या खाऱ्या पाण्यात, अंधारात, पंप चालू ठेवून काही आठवडे मुरू द्यावा. फॉस्फेट झिरपत असेल तर पाणी बदलत राहावे.

थोडा अमोनिया घातल्यावर अमोनिया आणि नायट्राइट 24 तासांत शून्यावर आले, की दगड तयार.