वारा थंड आहे, पण येत का नाही?

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या बाजारांकडे हिवाळाभर कापूस वाहणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही नेहमी पाहता. त्यांपैकी काहींत वातानुकूलनाची सोय असते. हिवाळ्यात तिची आठवण कोणाला होत नाही. एप्रिल उजाडतो, पारा चाळिशी ओलांडतो, चालक बटण दाबतो. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की जाळीतून येणारा वारा गार आहे, पण पुरेसा येतच नाही. पंखा चौथ्या क्रमांकावर नेला तरी झुळूक तेवढीच! अशी गाडी दुरुस्तीला नेली की पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो, "गॅस भरून घ्या." पैसे जातात आणि वारा होता तेवढाच राहतो. असे का व्हावे, हे तुमच्या शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे उलगडता येते.

प्रथम हे ध्यानात घ्या की या यंत्रणेत दोन वेगळे प्रवाह असतात. एक प्रशीतकाचा, म्हणजे ज्याला आपण 'गॅस' म्हणतो त्याचा. तो बंद नळ्यांतून फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, इंजिनापुढच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचे बाष्पन होते. बाष्पनाचा अप्रकट उष्मा तो आसपासच्या हवेतून घेतो, म्हणून हवा थंड होते. दुसरा प्रवाह या हवेचा. तो ब्लोअर नावाचा छोटा विजेचा पंखा निर्माण करतो. गॅस कितीही भरला तरी ब्लोअर जोराने फिरणार नाही. शिवाय गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय.

आता थोडे गणित करू. समजा, ब्लोअर मिनिटाला ५ घनमीटर हवा कॉइलवरून नेतो. या हवेचे वस्तुमान सुमारे ५.८ किलोग्रॅम भरते. हवेची विशिष्ट उष्माधारकता जवळजवळ १ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश आहे. केबिनमधली २७ अंशांची हवा १२ अंशांपर्यंत थंड करायची, तर मिनिटाला सुमारे ८७ किलोज्यूल, म्हणजे जवळपास दीड किलोवॅट उष्णता काढून घ्यावी लागते. आता हवेचा ओघ निम्मा झाला. तेवढीच उष्णता काढायची तर हवा १५ नव्हे, ३० अंशांनी उतरली पाहिजे. २७ वजा ३० म्हणजे उणे ३!

येथेच खरी गोम आहे. कॉइल शून्याखाली गेली, की तिच्यावर जमलेले दव गोठते. बारीक पात्यांमधल्या फटी बर्फाने बुजतात, हवा आणखी अडते, कॉइल आणखी थंड होते, बर्फ आणखी धरतो. हे टाळण्यासाठी कॉइलपाशी तापमान जोखणारा संवेदक असतो. शून्याच्या जवळ येताच तो कॉम्प्रेसर बंद करवतो. तो जागचा हलला किंवा बिघडला, तर हे चक्र थांबत नाही. (गॅस थोडा कमी झाला तरी कॉइलमधला दाब उतरून बर्फ धरू शकतो. तेव्हा त्या सल्ल्यात अजिबात तथ्य नाही, असेही नव्हे.)

बर्फाची परीक्षा सोपी आहे. वातानुकूलन बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. गाडीखालच्या नळीतून बरेच पाणी गळले आणि वारा पूर्ववत झाला, तर बर्फच होता. हा दोष पावसाळ्यात अधिक छळतो. मे महिन्यात ४५ अंशांना सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. ऑगस्टमध्ये २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २३ ग्रॅम. उन्हाळ्यात आपण हवा कोरडी म्हणतो ती एवढी कोरडी नसते, पण फरक दुपटीहून अधिक आहे.

मात्र आपल्या भागात पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. अनेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रॉन जाड. जिनिंगच्या आवारात असे तंतू आणि धूळ हवेत तरंगत असतात. फिल्टरवर त्यांचे मऊ, राखाडी नमद्यासारखे अस्तर तयार होते. कूलरच्या ताट्यांवर क्षार साचले की वारा कसा मंदावतो, हे वैदर्भीय वाचकांना सांगायला नकोच. फिल्टर काढून क्षणभर पंखा लावून पाहावा. वारा एकदम वाढला तर निदान झाले. नवा फिल्टर गॅसच्या मानाने स्वस्त पडतो. पण फिल्टरविना गाडी चालवू नये, नाही तर तोच कचरा कॉइलच्या पात्यांत जाऊन बसतो आणि तो काढणे फार जिकिरीचे असते. काचेखालच्या हवेच्या तोंडाशी कडुलिंबाची पाने अडकली आहेत का, तेही पाहावे.

पंखा पहिल्या तीन क्रमांकांवर मुळीच फिरत नाही, पण चौथ्यावर जोरात फिरतो, अशी तक्रार आली तर? पुष्कळ साध्या गाड्यांत वेग कमी करण्यासाठी मोटारीशी रोध एकसर जोडणीत असतात. चौथ्या क्रमांकावर वीज रोधांना वगळून थेट मोटारीत जाते. रोध जळाला की उरतो तो हाच मार्ग.

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे आहे. लहान पिकअप या नियमात येत नाहीत. पण ४५ अंशांत आठ-दहा तास बसणाऱ्याचे शरीर गाडीचे वजन विचारत नाही.

शिक्षकांना वर्गात हा प्रयोग करता येईल. टेबलपंख्यापुढे हातभर अंतरावर कागदाची पट्टी टांगावी. पंख्याच्या जाळीवर मागील बाजूने, जेथून हवा आत शिरते तेथे, जुन्या धोतराचा एक पदर, मग दोन, मग चार बांधावेत. दर वेळी पट्टी उभ्या रेषेशी किती अंशांचा कोन करते, ते कोनमापकाने मोजून पदरांच्या संख्येशी आलेख काढावा. पंखा बंद केल्याशिवाय कापडाला हात लावू नये.