काम आजीचं, बोट नातवाचं

मंचरहून भीमाशंकरकडे जाताना घोडेगाव मागे पडलं की डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली लागतं. पूर्वेला कांद्या-बटाट्याचा बागायती पट्टा, पश्चिमेला भातखाचरं, हिरड्याची झाडं आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावात आहेत. आता त्या कचेऱ्यांची निम्मी कामं फोनवर आली. सॉफ्टवेअर माणसाला सोयीचं कसं करायचं याची चर्चा पुण्या-मुंबईत होते, पण ते खरोखर सोयीचं झालं का, हे शिनोलीसारख्या गावात कळतं. बागायतदाराचा नवा फोन आणि वाडीवरचा तडकलेल्या काचेचा फोन, दोघांनाही इथे एकच ॲप वापरावं लागतं.

ई-पीक पाहणीचंच बघा. गावात जाऊन पिकांची नोंद करणं हे पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचं काम होतं. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या मदतीने ॲप तयार केलं आणि 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याच्या हातात दिली. शेतात उभं राहायचं, गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, फोटो काढायचा. सातबाऱ्यावर पीक चढतं. कल्पना उत्तम होती, आजही आहे. आपल्या बांधावरचं पीक आपणच सांगायचं, यात शेतकऱ्याचा मान आहे.

पण खरिपाची नोंद येते ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या दिवसांत डिंभ्याच्या वरच्या अंगाला पाऊस उसंत देत नाही. ओल्या बोटाला काच दाद देत नाही, थेंब पडला की भलतंच बटण दाबलं जातं. डोंगराच्या कुशीतल्या खाचरात रेंज मिळाली तर मिळाली. हे सगळं आधीच माहीत असलेलं वास्तव आहे. ते आराखड्यात पहिल्या दिवशीच यायला हवं होतं.

2022 मध्ये ॲपची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात काही फार चांगले बदल होते. फोटो घेताना आपण गटाच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहोत हे दिसू लागलं. चुकलेली नोंद 48 तासांच्या आत स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. मला ही दुरुस्तीची सोय सगळ्यांत मोलाची वाटते. चूक होणारच, हे गृहीत धरून ती सुधारायला वाट ठेवणं, हे बनवणाऱ्याने वापरणाऱ्याचं ऐकल्याचं लक्षण आहे. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हीही तशीच जाण. घरात चार खातेदार आणि धड चालणारा फोन एक, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र.

माझा मुद्दा इथेच आहे. एक माणूस, एक फोन, एक नंबर असा हिशोब धरून बहुतेक सॉफ्टवेअर बनतं. आपल्या गावांत काम एकाचं असतं आणि बोट दुसऱ्याचं. आजीच्या नावावरच्या गटाची नोंद नातू करतो, आईचा अर्ज सेवा केंद्रातला मुलगा भरतो, ओटीपी जातो पुण्याला चाकरीला असलेल्या थोरल्याच्या फोनवर. अलीकडे पीक पाहणीसाठी गावोगाव सहाय्यक नेमले आहेत, म्हणजे मधला माणूस सरकारनेही मान्य केला आहे. त्यात कमीपणा काही नाही. पण आपल्या नावाने नेमकं काय भरलं गेलं, हे आजीला कळतं का? ते कळण्याची सोय ज्यात नाही त्या सॉफ्टवेअरला मी सुगम म्हणणार नाही, पडदा कितीही देखणा असो.

आणि जे भरलं ते कळायचं तर आधी ते मराठीत नीट दिसायला, वाचायला हवं. साधनं बदलत गेली तसे आपल्या भाषेचे हालही बदलत गेले. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या जिस्ट तंत्रज्ञानाने संगणकात कार्ड बसवून देवनागरी पडद्यावर आणली. 1991 मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचं मानक आलं. छपाईच्या धंद्याने मात्र आपापले फाँट धरले. ‘शिवाजी’सारख्या फाँटात दिसायला मराठी असे, आत साठवलेली असत रोमन अक्षरं. फाँट नसलेल्या संगणकावर त्याचा कचरा होई. अंध वाचकाला तर त्याहून वाईट: पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तिथे मराठी भेटतच नसे, ती इंग्रजी अक्षरांची बडबड ऐकवी. युनिकोडने हे मिटवलं. विंडोजसाठी र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवला, त्यावर लाखो मराठी माणसांनी पहिल्यांदा आपलं नाव पडद्यावर टंकलं. तरीही जुन्या फाँटातले किंवा नुसते स्कॅन केलेले कागद आजही संकेतस्थळांवर चढवले जातात. एनव्हीडीए हे मोफत वाचक सॉफ्टवेअर मराठी वाचू शकतं. त्याच्यापुढे मजकुराचं चित्र टाकलं तर ते काय वाचणार?

फोन आले, काचेचे पडदे आले, कीबोर्डची जागा आक्रसली. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने केलेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. व्यंजन दाबून धरलं की भोवती स्वरांचं चक्र उघडतं आणि बोट सरकवलं की काना, मात्रा, वेलांटी लागते. मांडणी शाळेत शिकलेल्या वर्णमालेची. म्हणजे नव्या साधनाकडे जाताना माणसाला आधीपासून येत असलेलं ज्ञान हाताशी घेतलं. याउलट कितीतरी ॲपांत ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठरते, मग वरचा रफार आणि खालचा उकार छाटला जातो.

वेब सुगमतेसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी नियमांनी 2008 पासून मजकूर आणि पार्श्वभूमी यांत साडेचारास एक इतका उजेडाचा फरक मागितला. ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीने बटणांच्या किमान आकाराचा आणि लॉगिनसाठी स्मरणशक्तीवर विसंबू नये याचा आग्रह धरला. हे नियम अपंगांसाठी लिहिले खरे, पण भर उन्हात बांधावर उभ्या माणसाला, नांगराने घट्टे पडलेल्या बोटांना त्यांचा तितकाच उपयोग आहे.

आपल्याकडे कायद्यानेही आता कंबर कसली आहे. अपंग हक्क कायदा 2016 चा. त्याखालच्या नियमांतली सुगमतेची मानकं सक्तीची हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं. पुढे 30 एप्रिल 2025 च्या निकालात त्याने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. तिथला प्रश्न अगदी साधा होता: केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, असं यंत्र सांगतं, ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या बाईने काय करायचं? ती जिवंत आहे, समोर बसली आहे, आणि यंत्र तिला माणूस मानत नाही.

राज्याच्या लाडकी बहीण योजनेतल्या बायकांची ई-केवायसी 2025 च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हा पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. दोघेही हयात नसलेल्या बायका त्या पानावर अडल्या. नंतर त्यांच्यासाठी वेगळी वाट काढावी लागली. अशा बायका गावोगाव आहेत. आराखडा पक्का करण्याआधी एखाद्या अंगणवाडी सेविकेला विचारलं असतं तर तिने हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं.

म्हणून माझी मागणी आहे की सरकारी ॲपच्या निविदेतच गावातल्या चाचणीचे दिवस आणि पैसे धरावेत. चाचणी भर पावसात व्हावी, जुन्या फोनवर व्हावी, वाचता न येणाऱ्या आणि न दिसणाऱ्या खातेदारांना सोबत घेऊन व्हावी. मार्च 2022 मध्ये आलेल्या यूपीआय 123पे ने साध्या फोनवरून, नुसत्या कॉलवर पैसे पाठवण्याची सोय केली. मग पीक पाहणीत ते का जमू नये? सहाय्यकाने किंवा नातवाने नोंद केली की खातेदाराच्या फोनवर मराठीत कॉल यावा: तुमच्या अमुक गटात भात लागला आहे, क्षेत्र इतकं, बरोबर असेल तर एक दाबा, चूक असेल तर दोन. दुरुस्तीला 48 तास आहेतच, आणि एक-दोन दाबायला आजीचा बटणांचा फोन पुरतो.