कांदळवन: लावणे एकदा, सांभाळणे रोज

मराठी बोलण्यात खाजणाला कधीच मान मिळालेला नाही. जेथे पाय रुततो, कुबट वास येतो, डासांचे थवे असतात आणि पीक उभे राहत नाही, ती जागा म्हणजे खाजण, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर ही पडीक मालमत्ता. शहर वाढू लागले की पहिला भराव तिच्यावर पडावा, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रात्रीच्या अंधारात तिच्यातच रिकामा व्हावा, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्या खाजणात उभे असलेले तिवर आणि कांदळ यांना झाड म्हणावे, त्यांच्या समूहाला वन म्हणावे, हे मान्य व्हायलाच फार काळ लागला.

आज चित्र पालटले आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले. या वाढीत लागवडीबरोबरच, तोड आणि भराव थांबल्यावर निसर्गतः झालेल्या पुनरुज्जीवनाचा वाटा आहे. राज्याच्या लांबलचक किनाऱ्यावर हे घडले कसे आणि ते टिकेल कशावर, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण वन उभे करणे आणि ते सांभाळणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

चिखलातील भांडवल

कांदळवन भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधील पट्ट्यात वाढते. दिवसातून दोनदा खारे पाणी मुळांवर चढते आणि दोनदा उतरते. चिखलात हवा जवळजवळ नसते. अशा ठिकाणी जगण्यासाठी या झाडांनी विलक्षण युक्त्या साधल्या आहेत. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींप्रमाणे चिखलातून वर डोकावतात आणि ओहोटीच्या वेळी हवा घेतात. शोषलेले जादा मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. पानावर बोट फिरवले तर ते खारट लागते. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरून झाडाला आधार देतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांब हिरवा अंकुर खाली चिखलात पडून उभा राहतो, किंवा पाण्याबरोबर वाहत दुसऱ्या काठाला लागतो. चिप्पी, काजळा, मारांडी, गेवा अशी इतरही मंडळी या वनात नांदतात. यांपैकी पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले.

मुळांच्या या जाळ्यात गाळ अडतो, काठाची धूप मंदावते, लाटेचा आणि वादळी वाऱ्याचा जोर मोडतो. कोळंबी, खेकडे आणि अनेक जातींचे मासे आपले बालपण येथेच घालवतात. म्हणजे खोल समुद्रातील मासेमारीची मुळेही याच चिखलात आहेत. पडलेली पाने आणि मुळे हवारहित चिखलात सहजी कुजत नाहीत, त्यामुळे जमिनीवरील अरण्यांच्या तुलनेत दर हेक्टरी कितीतरी अधिक कर्ब येथे साठून राहतो. या सेवांचे बिल कोणी पाठवत नाही, म्हणून त्यांची किंमत वन नाहीसे झाल्यावरच कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या काठचे अतिक्रमण आणि खाजणांतील भराव यांची चर्चा मुंबईच्या घराघरांत झाली. असंख्य दुकानदारांनी आणि गोदामवाल्यांनी त्या दिवसाचा हिशेब भिजलेल्या मालात मोजला.

आधी न्यायालय, मग शासन

त्याच वर्षी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. राज्यभर कांदळवनाची तोड व नाश यांना बंदी, त्यांच्या भोवती पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकामास मनाई, राडारोडा टाकण्यास प्रतिबंध आणि शासकीय जमिनीवरील कांदळवनास संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचा निर्देश, असे त्याचे स्वरूप होते. १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल देताना न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भंग ठरवला.

दोन आदेशांच्या दरम्यान शासकीय यंत्रणाही उभी राहिली. जानेवारी २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ मध्ये त्याला पूरक असे कांदळवन प्रतिष्ठान आले आणि त्याच वर्षी ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये या खाडीची गणना रामसर पाणथळ स्थळांत झाली.

तरीही आदेश आणि कक्ष यांना एक मर्यादा आहे. वनरक्षक मोजके, खाड्या अगणित. रात्री कोणता डंपर कोणत्या वळणावर थांबला, कोणत्या मोरीत गाळ साचून भरतीचे पाणी अडले, कोणाच्या गुरांनी कोवळी रोपे खाल्ली, हे ज्याचे घर खाडीकाठी आहे त्यालाच प्रथम कळते. म्हणूनच वनाची खरी राखण ग्रामपंचायत आणि नगरपरिषद यांच्या पातळीवर येऊन ठेपते. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत मत्स्यव्यवसाय, सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज आहेत; बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण आहे. अधिकाराची चौकट कागदावर आहे. प्रश्न ती वापरण्याचा आहे.

२०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली. तिच्या रचनेत हा विचार दिसतो. किनाऱ्यावरील गावांत कांदळवन सहव्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या. समितीने राखणीची जबाबदारी घ्यावयाची. आणि त्या बदल्यात गावातील गटांना उपजीविकेसाठी ९० टक्के, तर व्यक्तींना ७५ टक्के अनुदान द्यावयाचे. खेकडा व मत्स्यपालन, सुधारित भातशेती, निसर्ग पर्यटन असे पर्याय तिच्यात आहेत. राखणाऱ्याला लाभात वाटा मिळाला तर राखण टिकते, हे कोणत्याही पेढीला परिचित असलेले सूत्र येथे वनाला लावले गेले.

वेंगुर्ल्याची खाडी

सतराव्या शतकात डचांनी जेथे वखार घातली ते वेंगुर्ले आज एका निराळ्या उद्योगासाठी ओळखले जाते. येथील मांडवी खाडीत मच्छीमार कुटुंबांतील महिलांचा 'स्वामिनी' हा बचत गट २०१७ पासून कांदळवन सफर चालवतो. महिला स्वतः होडी वल्हवतात, पर्यटकांना कांदळ आणि तिवर यांतील फरक दाखवतात, खंड्या आणि बगळे ओळखायला शिकवतात. या उपक्रमाला पाठबळ मिळाले ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर केंद्र व राज्य शासन, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण निधी यांनी राबवलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पातून.

हा असा व्यवसाय आहे की ज्यात वनातून काहीच काढून घ्यावे लागत नाही. वन जसे आहे तसे उभे राहणे हेच त्याचे भांडवल. खाडीत प्लास्टिक तरंगू लागले तर पर्यटक पाठ फिरवील, हे होडीवरील प्रत्येकीला ठाऊक असते; त्यामुळे स्वच्छतेची चिंता कोणी सांगावी लागत नाही.

तथापि खाडी केवळ होडीवाल्यांच्या प्रयत्नांनी स्वच्छ राहत नाही. गावाचा कचरा शेवटी पाण्याच्याच वाटेने जातो. या बाबतीत वेंगुर्ले नगरपरिषदेचे काम राज्यभर चर्चिले गेले. गेल्या दशकात तिने घराघरांतून वर्गीकृत कचरा गोळा करण्याची शिस्त लावली, ओल्या कचऱ्याचे खत आणि प्लास्टिकचा रस्त्याच्या डांबरात उपयोग सुरू केला, आणि पूर्वीच्या कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी केली. यात कांदळवनाचे एकही रोप लावण्याचा प्रश्न नव्हता. पण नाल्यावाटे खाडीत जाऊ शकणारा कचरा दारातच अडवणे हेही वनाच्याच राखणीचे काम, आणि ते स्थानिक संस्थेवाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

रोपापेक्षा पाणी महत्त्वाचे

पुनरुज्जीवन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लागवडीचा समारंभ येतो. कांदळवनाच्या बाबतीत हा समज महाग पडतो. ज्या ठिकाणी भरतीचे पाणी पोहोचत नाही तेथे लावलेले रोप वाळते; ज्या ठिकाणी पाणी उतरतच नाही तेथे ते गुदमरते. उघड्या दलदलीवर सरसकट रोपे लावली तर किनारी पक्ष्यांचे खाद्यक्षेत्र हिरावले जाते आणि लाटांच्या माऱ्यात रोपेही तगत नाहीत. म्हणून जाणकारांचा क्रम असा असतो: आधी भराव काढणे, अडलेल्या मोऱ्या व नाल्या मोकळ्या करणे, पाण्याची जुनी वाट परत देणे, मग वाट पाहणे. जवळ जुनी झाडे असतील तर बी पाण्याबरोबर आपोआप येते. जेथे येत नाही तेथेच, त्या पातळीला योग्य अशा जातीची लागवड करावी. त्यानंतरची काही वर्षे गुरे, शेवाळ, वाहून आलेले प्लास्टिक आणि तुटलेली जाळी यांपासून रोपे जपावी लागतात. या वर्षांत कोणताही समारंभ नसतो. बहुतेक लागवडी मरतात त्या याच काळात.

फुटलेल्या बांधाचा प्रश्न

या विषयाला एक दुखरी बाजूही आहे. रायगड जिल्ह्यात, विशेषतः अलिबाग आणि पेण परिसरात, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्राकडून भातशेती मिळवली. या खारबंदिस्तीचे बाहेरकाठे आणि पाण्याची उघडझाप करणाऱ्या उघाड्या गावकरी सामुदायिक श्रमाने राखत. पुढे ती जबाबदारी शासकीय खात्याकडे गेली. अनेक ठिकाणी देखभाल हुकली, काठे फुटले, खारे पाणी शेतात शिरले आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उगवले. आता कायद्याने ते तोडता येत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे त्याच्या वावरात वन उभे आहे. नकाशावर हिरवा रंग वाढला, शेतकऱ्याचे कोठार मात्र रिकामे राहिले.

या शेतकऱ्याला वनाचा शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल. त्याचे दुःख देखभालीच्या अभावातून जन्मले आहे. बांध असो की वन, ज्याची राखण गावाच्या हातून सुटते आणि दुसरे कोणी ती मनापासून उचलत नाही, त्याचा शेवट असाच होतो. कोठे बांध दुरुस्त करून शेती वाचवावी आणि कोठे वनाला जागा देऊन शेतकऱ्याला भरपाई द्यावी, हे ठरवताना ग्रामसभेचे म्हणणे पहिल्यांदा ऐकले गेले पाहिजे.

व्यापारी कुटुंबांचा वाटा

विक्रोळीच्या खाडीकाठी गोदरेज समूहाने आपल्या ताब्यातील कांदळवन दशकानुदशके भराव न टाकता राखले. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या संयमाचे मोल सांगावे लागत नाही. १९८५ मध्ये तेथे सागरी परिसंस्था केंद्रही स्थापन झाले. एका औद्योगिक घराण्याने खाजणाला पडीक न मानता वारसा मानले, याचे हे उदाहरण आहे.

प्रत्येक कुटुंबाच्या ताब्यात खाडी नसते, पण निर्णय असतात. बांधकामाच्या धंद्यात असलेल्याने आपला राडारोडा नेमका कोठे रिकामा होतो हे ठेकेदाराला विचारावे. दुकानदाराने पातळ प्लास्टिक पिशवीला नकार द्यावा, कारण ती अखेर श्वसनमुळांवरच जाऊन गुंडाळते. किनाऱ्यावर भूखंड विकत घेणाऱ्याने व्यवहारापूर्वी भरतीरेषा आणि कांदळवनाचा नकाशा पाहावा. आणि दान देणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा: ही रक्कम रोपे लावण्यासाठी आहे, की पुढील पाच वर्षे ती सांभाळण्यासाठी?

लागवडीच्या दिवशी छायाचित्र निघते, फलक लागतो, टाळ्या पडतात. त्यानंतर रोज ओहोटीला जाऊन जाळ्यात अडकलेले रोप सोडवणाऱ्या माणसाचे नाव कोठेच लागत नाही. पेढी उघडताना पाहुणे येतात. ती चालते मात्र रोज सकाळी वेळेवर कुलूप उघडणाऱ्यावर. किनाऱ्याचेही तसेच आहे. न्यायालयाने त्याला संरक्षण दिले, शासनाने यंत्रणा दिली. रोजचे कुलूप उघडण्याचे काम खाडीकाठच्या गावाचे आहे, आणि त्या गावाला बळ देणे हे किनाऱ्याच्या आधाराने व्यापार करणाऱ्या प्रत्येकाचे.