मॅटाडोरचा सायलेन्सर

रायपूर मध्य प्रदेशात होते त्या काळी, ऐंशीच्या दशकात, वडिलांनी मॅटाडोर घेतली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची; हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. मागील बाके काढून त्यांनी निजण्यासाठी फळी बसविली. घसारा धरता या गाडीची किंमत केव्हाच शून्य झाली. तरी घरात विक्रीचा विषय निघत नाही.

गेल्या हिवाळ्यात सिरपूरहून परतताना फळीवर निजलेल्या मुलीचे डोके दुखू लागले. सायलेन्सरची नळी नेमकी फळीखालीच गंजून फुटली होती. हा गंज आतून लागतो. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. जवळच्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही आणि ते पाणी आतच साचते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डिझेल इंजिनात तो कमी असतो, एवढ्यावर निश्चिंत कसे राहावे?

ठिगळाचा माझा काटकसरी प्रस्ताव मिस्त्रींनी धुडकावला. बोल्टांना रात्रभर तेल पाजले, तरी दोन तुटलेच. तयार नळी मिळेना, म्हणून मापाप्रमाणे वाकवून घेतली, गॅस्केटही बदलले. नंतर इंजिन सुरू करून प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले. एके ठिकाणी फुगे आले. तो सांधा पुन्हा आवळेपर्यंत मुलगी पुढच्या आसनावरच बसून होती.