नाकातला प्रतिध्वनी

प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरची भिंत निदान १७.२ मीटर लांब हवी, हे आपण शाळेत शिकलो. त्याहून जवळ असेल तर दोन आवाज कानाला एकच वाटतात. आता ती भिंत नाकपुडीच्या आत, ५ सेंटिमीटरवर आहे असं समजा. तिथूनही प्रतिध्वनी येतो, पण सेकंदाच्या सुमारे ३,४०० व्या भागात!

१९८९ साली डेन्मार्कमधले ओले हिल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रतिध्वनी पकडून नाकाच्या पोकळीचं माप काढलं आणि ते सीटी स्कॅनशी ताडून पाहिलं. या तपासणीला अकूस्टिक ऱ्हायनोमेट्री म्हणतात. नळीचं टोक नाकपुडीला टेकवतात, फट राहू नये म्हणून जेल लावतात, क्षणभर श्वास रोखायला सांगतात. 'टक्' असा आवाज होतो आणि माप झालंसुद्धा. आवाज किती वेळाने परतला यावरून खोली कळते, किती जोराने परतला यावरून रुंदी. खोलीत १ मिलिमीटरचा फरक म्हणजे वेळेत सेकंदाच्या फक्त ६ दशलक्षांशांचा फरक.

एवढा खटाटोप कशासाठी? मोठ्या माणसाच्या एका नाकपुडीतली सर्वांत अरुंद जागा साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणजे पेन्सिलीहून जराशी जाड. अशा दोन वाटांतून दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा जाते. उन्हाळ्यात वस्तीवर येणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा. सरळ नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर शांत वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध १६ पट होतो. नाक काही सरळ नळी नव्हे, पण सर्दीत जीव का घुसमटतो ते यावरून कळावं.

मात्र हे माप भरवशाचं आहे ते पहिल्या ५-६ सेंटिमीटरपर्यंतच. नाकपुडीजवळची वाट फार अरुंद असली की आत आवाजच कमी पोचतो आणि मागची जागा आहे त्याहून चिंचोळी दिसते. उलट, सायनसच्या तोंडांतून आवाज निसटला की तीच जागा रुंद भासते. हवा २० अंशांची धरली आणि नाकात ती ३७ अंशांची निघाली, तर ६ सेंटिमीटरवर जवळपास २ मिलिमीटरची चूक होते. शिवाय नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने चोंदतात आणि मोकळ्या होतात, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी जुळेलच असं नाही.

म्हणून असा रिपोर्ट हातात आला, तर आलेखाचा पुढचा, म्हणजे नाकपुडीजवळचा भाग आधी बघा. मागच्या भागातल्या आकड्यावरून कोणी ऑपरेशन सुचवत असेल, तर दुर्बिणीची तपासणी किंवा सीटी स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.