शब्दांची पंगत (भाग ९) : कावळे, भस्म्या आणि बकासुर

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्या घेऊन दुसऱ्यांदा फिरतो. पानात चार जिलब्या तशाच असताना एक पोरगा हात पुढे करतो. शेजारी बसलेली आजी त्याच्या मनगटावर हलकी चापट मारते, ‘किती रे हावरट! कधी पाहिली नाहीस का जिलबी?’ ‘भूक लागलीय,’ पोरगा पुटपुटतो.

आजीचा राग भुकेवर नसतोच. पानातल्या चार सोडून पाचवीकडे गेलेल्या हातावर तो असतो.

भुकेशी मराठी फार समजुतीनं वागते. पोटात कावळे ओरडतात, आग पडते, आतडी पिळवटतात. यात माणसाचा दोष कुठंच नाही. जे काय करतात ते कावळेच. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणताना तर भुकेल्याच्या निमूटपणाला दादच मिळते. देवालासुद्धा लोक भावाचा भुकेला म्हणतात. त्याला भावाचा हावरा म्हणून पाहा!

‘भूक’ आली संस्कृत ‘बुभुक्षे’तून, प्राकृतातल्या ‘भुक्खा’च्या वाटेनं. बुभुक्षा म्हणजे खाण्याची इच्छा. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षा हे शब्द त्याच घडणीचे. गंमत अशी की, झिजून घरगुती झालेली ‘भूक’ निर्दोष राहिली आणि संस्कृत थाटातला ‘बुभुक्षित’ मात्र शिवीच्या जवळ जाऊन बसला. एखादा बुभुक्षितासारखा तुटून पडला, असं म्हटलं की त्याच्या उपासाची कीव कुणालाच येत नाही.

‘वखवख’ त्याहून वाईट. ती पोटातून डोळ्यांत चढते. वखवखलेला माणूस थाळीकडे पाहतो तसाच बाईकडेही पाहतो, म्हणून हा शब्द ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हावरट, अधाशी, हपापलेला यांना निदान थोडं हसता येतं.

‘याला भस्म्या झालाय की काय?’ हा प्रश्नही हसत हसतच विचारला जातो. पण भस्म्या मुळात रोग. आयुर्वेदात भस्मक किंवा अत्यग्नी या नावानं त्याचं वर्णन आहे. जठराग्नी इतका भडकतो, की अन्न संपलं की तो शरीराचे धातूच जाळू लागतो. भरपूर खाऊनही माणूस वाळत जातो. अनियंत्रित मधुमेहात किंवा थायरॉईड फार वाढल्यावर आजचे डॉक्टरही नेमकं हेच पाहतात. तेव्हा खाऊन खाऊन रोडावणाऱ्याची थट्टा करण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्यावं.

आता बकासुर. महाभारताच्या आदिपर्वात एकचक्रा नगरीनं त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस, असा सगळा ऐवज द्यायचा होता. त्याला मारायला गेलेला भीमही काही अल्पाहारी नव्हता. वृकोदर, म्हणजे लांडग्याचं पोट असलेला, हे त्याचंच नाव. आणलेल्या भिक्षेतला अर्धा वाटा एकट्या भीमाचा, उरलेला अर्धा कुंती आणि चौघा भावांचा. बकासुराचा गाडाही त्यानं त्याच्या डोळ्यांदेखत रिकामा केला. तरी मराठीत भीम म्हटलं की कौतुक आणि बकासुर म्हटलं की टोमणा. भीमाला त्याचा वाटा आई स्वतः काढून देत होती. बकासुर गावाच्या तोंडचा घास घेत होता.

हाच धागा पुढं कचेरीत पोचतो. पैसे खाल्ले जातात, कमिशन खाल्लं जातं, जमीन गिळली जाते. मदतीच्या पैशावरही डल्ला मारणाऱ्यासाठी तर ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा’ असा थेट स्मशानातला वाक्प्रचार आहे. बहुतेक ठिकाणी क्रियापद तेच, साधं ‘खाणे’. ‘हे साहेब खातात का हो?’ असं कचेरीच्या व्हरांड्यात कुणी हळूच विचारलं, तर शिपाई जेवणाच्या सुट्टीची वेळ सांगत नाही.